ओट्यापाशी कोण?

जेवणं होईपर्यंत कुणी विषय काढायचा नाही असं दर्शनने बायकोला, हरिणीला, दोनदा बजावलं होतं, आणि रसमभाताचा दुसरा घास घेता घेता त्याने स्वतःच तो काढला. धीर धरणं त्याला लहानपणापासून कधी जमलं नाही.

"आई, 'ओट्यापाशी' तू लिहितेस का?"

विमला त्या वेळी विहिणीच्या पानात कोशिंबीर वाढत होती. ही वाढायची जबाबदारी तिने आपण होऊन घेतली होती. चेन्नईतल्या पेरुंगुडीचा हा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट सुनेचा असला तरी शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या आवडी गावाहून दोन लोकल बदलून आलेल्या सासूने हात बांधून बसावं हे तिला पटत नसे. तिचा हात क्षणभर थांबला, मग कोशिंबीर पानात पडली, जरा जास्तच पडली.

"मी कशाला लिहीन?" ती म्हणाली.

हे खरं होतं. विमलाने लग्नानंतर पत्रांपलीकडे काही लिहिलं नव्हतं, आणि पत्रंही सोलापूरचं माहेर ओस पडल्यावर थांबली होती. फोनवर मराठी टाइप करायला हरिणीने दोन वेळा शिकवलं, पण विमला जोडाक्षरांपाशी वैतागायची आणि आवाजी निरोप पाठवून मोकळी व्हायची. 'ओट्यापाशी' तिने वाचलं मात्र होतं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर दर मंगळवारी कुणी ना कुणी तो ब्लॉग टाकायचंच. लिहिणारी बाई स्वतःला नुसतं 'एक गृहिणी' म्हणवायची. नाव नाही, गाव नाही, फोटो नाही. नवरा कारखान्यात होता, आम्ही महाराष्ट्रातून मद्रासला आलो, एवढंच तिने सांगितलेलं. विमलाला त्यातले चारपाच लेख आवडले होते. आपल्यासारखीच कुणीतरी दिसते, असं म्हणून ती पुढच्या कामाला लागली होती.

गेल्या मंगळवारचा लेख मात्र तिने वाचलेला नव्हता. दर्शनने वाचला होता.

ऑफिसच्या कॅबमध्ये बसून वाचला होता, आणि तो पुरा वाचायला त्याला पाऊण तास लागला होता. केंद्रीय विद्यालयात हिंदी आणि गल्लीत तमिळ शिकून वाढलेला दर्शन मराठी बोलतो झकास, वाचतो मात्र बोट ठेवून. लेखाचं नाव होतं 'त्या दुपारी'. त्यातली बाई कत्तिरीच्या उन्हात, म्हणजे मे महिन्याच्या ऐन काहिलीत, पाच वर्षांच्या मुलाला शेजारणीकडे ठेवते, माहेराहून पार्सल आलंय ते सोडवायचंय असं तिला सांगते, आणि सेंट्रलला जाऊन मुंबईच्या गाडीची वाट बघत बसते. पार्सल वगैरे काही नसतं. ती संसार सोडून निघालेली असते. शेजारीण त्या मुलाला तांदळाच्या डब्यावर बसवून मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, देते.

दर्शन तांदळाच्या डब्यावर बसला होता. कारखान्याच्या क्वार्टरमधल्या शेजारीण वसंता अक्कांचा तो निळा पत्र्याचा डबा, त्याचं पायाला लागणारं गार झाकण, हातातला मुरुक्कू, सगळं त्याला आठवत होतं. का आठवतं हे कधी कळलं नव्हतं. मंगळवारी कळलं आणि चार दिवस त्याचं कामात लक्ष लागलं नाही. त्याला वाईट वाटलं होतं, सरळ वाईट वाटलं होतं, अडतिसाव्या वर्षी बापड्याला आईने टाकून दिल्यासारखं वाटलं होतं. आता त्याला एवढंच हवं होतं की आईने नाही म्हणावं आणि त्याचा विश्वास बसावा. आई नाही म्हणाली होती, पण विश्वास काही बसला नव्हता.

"तांदळाचा डबा आहे त्यात," तो म्हणाला. "आणि सेंट्रल आहे."

विमलाने कोशिंबिरीचं भांडं टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसली.

तेहतीस वर्षं ती दुपार तिने एकटीने सांभाळली होती. आईला सांगितली नाही, बहिणीला सांगितली नाही, देवापुढेसुद्धा तिचा उच्चार केला नव्हता. वसंताला पार्सल सांगितलं आणि वसंता पार्सल खरं धरूनच वारली. घरी कुणाला कळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तिचा नवरा विजयकुमार त्या दिवशी पाळीवर होता आणि नेहमीसारखा चारनंतर येऊन नेहमीसारखाच ताक मागण्यापलीकडे काही न बोलता जेवला होता. मग हे लिहिलं कुणी? भीती वाटत होती तिला, पण खोटं कशाला सांगा, भीतीहून जास्त नवल वाटत होतं. आपल्या आत कोण येऊन बसलं होतं आणि कधी?

सर्वांत आधी तिला हरिणीचा संशय आला. हरिणी स्वयंपाकघरात तिच्याजवळ उभी राहून खोदून खोदून विचारायची, लग्न कसं झालं, क्वार्टर कशी होती, राग आला की काय करायचात. मराठी तिची तंजावरची, पण हुशारी कुणाच्याही डोळ्यांवर येईल अशी. विमलाने सुनेकडे पाहिलं. हरिणी तिच्याकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कुतूहलच होतं, चोरी नव्हती. शिवाय सेंट्रलचं तिला कुठून कळणार?

"मीही तेच विचाराला आल्ये," कनका म्हणाली.

हरिणीची आई कनका जॉर्ज टाउनच्या जुन्या घरातून आज ऑटोने आली होती, एवढं लांब ती सहसा येत नाही. घराणं तंजावरचं, मराठी तीनशे वर्षांपूर्वीची, त्यात तमिळ मिसळलेलं. दर्शनने तिला बोलावलं ते ब्लॉगमध्ये विहीणबाईंवर एक परिच्छेद होता म्हणून. विहीण पाणी हवं का विचारते तेव्हा आपली पणजी पोथीतून उठून आल्यासारखं वाटतं, पहिलं वर्ष मी पदराआड हसले आणि मग मला त्या बोलण्याची चटक लागली, असं काहीसं. कनकाला त्याचा राग आला असेल असं दर्शनला वाटलं होतं. पण कनकाचं दुखणं वेगळंच होतं, आणि ते तिने लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

कनका त्या 'गृहिणी'ला वर्षभर पत्रं लिहीत होती. ब्लॉगखाली ई-मेलचा पत्ता होता. त्यावर 'कावेरी' असं खोटं नाव घेऊन तिने आधी चार ओळी लिहिल्या, उत्तर इतकं समजुतीचं आलं की मग चार पानं लिहिली. तिच्या नवऱ्याला, पद्मनाभला, जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या तेराव्याच्या रात्री आपण पंखा पाचावर लावून झोपलो आणि इतकी छान झोप लागली की सकाळी रडू आलं, हे तिने जगात फक्त त्या अनोळखी बाईला सांगितलं होतं. पद्मनाभला पंखा सोसत नसे. चाळीस वर्षं चेन्नईत ती बिनपंख्याची घामात झोपली होती. असलं विधवेने कुणाला सांगावं? अनोळखी होती म्हणून सांगितलं. आणि मग विहिणीचा परिच्छेद आला, त्यातली विहीण आपणच हे तिने एका वाक्यात ओळखलं आणि तिला घाम फुटला. ज्या बाईला पोटातलं सगळं दिलं ती आपली विहीण निघाली तर?

आता यातलं काही चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून ती एवढंच म्हणाली, "लिहिणारी मराठी अहे, मद्रासची अहे, माझं बोलणं ऐकलेली अहे. असं कितीजण अहेत?"

"मग तर आईच," दर्शन म्हणाला.

हरिणी सासूच्या बाजूने उभी राहिली. टाइप करताना आईंची काय तारांबळ होते ते मी बघितलंय, त्यांना हे शक्यच नाही, असं ती म्हणाली. तू टाइप करून देत असशील, असं दर्शन बोलून गेला. मग दोघांचं तमिळमध्ये जुंपलं, आणि ते तमिळ सगळ्यांनाच कळत असल्याने कुणाला त्याचा काही आडोसा मिळाला नाही. कनकाने जावयाची बाजू घेतली. एरवी ती असं करत नाही, पण आज तिला उत्तर हवं होतं. विजयकुमारने ताक मागितलं.

एकाहत्तर वर्षांचा विजयकुमार आवडीच्या संरक्षण कारखान्यात छत्तीस वर्षं तपासणी खात्यात होता. पुढे आलेला भाग चांगला की वाईट हे बघायचं आणि शिक्का मारायचा, बोलायची गरज नाही. घरीही त्याने तोच शिरस्ता ठेवला. विमला म्हणायची, यांचे दिवसाचे दहा शब्द ठरलेले असतात, त्यातले चार ताकावर जातात. दुपारी तो फोन घेऊन पेन्शनरांच्या वाचनालयात जायचा आणि दोन तासांनी परत यायचा. बुद्धिबळ खेळतो असं घरात समजत होते.

"वाच," विमला लेकाला म्हणाली. "काय लिहिलंय ते मोठ्याने वाच. मला ऐकू दे तरी."

पानं तशीच ठेवून सगळे बसून राहिले. दर्शनने फोन काढला आणि बोट ठेवून वाचायला लागला. तो अडखळत होता आणि त्यामुळे प्रत्येक शब्द निराळा ऐकू येत होता. शाळेत हिंदी शिकवायची नोकरी चालून आली होती, नवऱ्याला विचारलं, तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही, आणि तारीख उलटून गेली, इथपासून सुरुवात होती. विमलाचे कान तापले. तसंच झालं होतं, अक्षर न अक्षर. ती नोकरी गेल्याच्या आठव्या दिवशी ती सेंट्रलला गेली होती.

दर्शन पुढे वाचत होता.

"'फलाटावरच्या बाकावर मी बसून होते. अंबाडा सुटून मानेवर आला होता. निळा ब्लाउज पाठीवर भिजून काळा दिसत होता आणि तो ओला डाग खांद्यापासून कमरेपर्यंत उतरत गेला. पिशवी मी तीनदा उचलली आणि तीनदा खाली ठेवली. कुणी हाक मारू नये, एवढंच तेव्हा वाटत होतं. गाडी निघून गेली. मग मला मूल आठवलं आणि मी उठले.'"

विमला ऐकत होती आणि काहीतरी खटकत होतं. ब्लाउज निळाच होता. अंबाडा सुटला होता. पाठ भिजली होती हेही खरं, त्या उन्हात कुणाची भिजणार नाही. पण तो डाग खांद्यापासून कमरेपर्यंत उतरत गेला हे बसलेल्या बाईला कसं दिसेल? स्वतःची पाठ कुणाला दिसते?

मग तिला आधीचे लेख आठवायला लागले. ओट्यापाशी उभी असलेली बाई, तिच्या मानेवरचे चिकटलेले केस, कमरेला खोचलेला पदर, वाकल्यावर दिसणारा पाठीचा मणका. क्वार्टरमधल्या ओट्यावर खिडकी होती आणि खिडकीबाहेर शेवग्याचं झाड. वीस वर्षं पोळ्या लाटताना विमलाने त्या झाडाशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. ब्लॉगमध्ये शेवगा एकदाही आला नव्हता. लिहिणारं माणूस ओट्यापाशी नव्हतंच. ते दारात उभं होतं.

तिने विजयकुमारकडे पाहिलं. त्याने ताकाचा पेला हातात धरला होता, पण पीत नव्हता. त्याचे दोन्ही कान लालबुंद झाले होते.

तो लिहीत होता. दहा शब्दांचा माणूस दोन वर्षं दर मंगळवारी हजार शब्द लिहीत होता, आणि तेही तिच्या तोंडचे. आणि त्या दुपारी तो पाळीवर नव्हता. तो तिच्या मागे उभा होता. विमलाला एकदम इतका संताप आला की समोरचं ताट उचलून आपटावंसं वाटलं, आणि त्याच वेळी रडूही फुटेल असं वाटलं. तिने दोन्हीतलं काही केलं नाही.

"तुमी काई उत्तर देत नाहीत," कनका म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मज एकच सांगा, विमलाबाई. मी ज्या बाईस पत्रं घातली ती तुम्ही अहांत का? कोण्हास सांगिटलं नव्हतं मी ते. बाई अहे म्हणून सांगिटलं."

विजयकुमारने पेला खाली ठेवला आणि घसा खाकरला. तो आता बोलणार हे विमलाला दिसलं. खरं बोलायला तोंड उघडण्यासाठी या माणसाने आयुष्यातली हीच वेळ काढावी. कनकाने कुणा पुरुषाला, तेही व्याह्याला, काय काय लिहिलं असेल ते विमलाला ठाऊक नव्हतं. पण कनकाच्या चेहऱ्यावरून एवढं कळत होतं की ते वाचणारा कोण हे ऐकलं तर ती या घराची पायरी पुन्हा चढणार नाही.

"मीच," विमला म्हणाली. "मीच लिहिते."

विजयकुमारचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"टाइप कोण करतं?" हरिणीने विचारलं.

"हे करतात," विमला नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "मी सांगते, हे करतात. पत्रं मात्र मी एकटी वाचते, कनकाबाई. यांना त्यातलं काही माहीत नाही, आणि माझ्या तोंडून ते कुठे जायचं नाही."

कनकाने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पंख्याचं तुम्हास हसू नाही आलं का, असं तिने हळूच विचारलं. कसला पंखा ते विमलाला माहीत नव्हतं, तरी तिने मान हलवली आणि म्हणाली, मुळीच नाही. हे खोटंच होतं, पण त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

दर्शन मात्र फोन धरून उभा राहिला. त्याच्यापुरता प्रश्न आता सुटला होता आणि तोच त्रास होता.

"म्हणजे तू निघाली होतीस," तो म्हणाला. "मला सोडून."

पार्सल होतं असं म्हणता आलं असतं. लेख आहे रे, रचून लिहितात, असंही म्हणता आलं असतं, आणि त्याला तेच हवं होतं. पण मीच लिहिते असं एकदा म्हटल्यावर विमलाला ती दुपार परत लपवता येईना. आणि लपवायचा तिला कंटाळाही आला होता.

"हो," ती म्हणाली. "तुला सोडून. वसंताकडे तुला खायला मिळेल, चारनंतर बाबा येतील, एवढा विचार केला आणि निघाले. राग आला असेल तर धर. मी काही म्हणणार नाही."

दर्शन गॅलरीत गेला. खाली रस्त्यावर रविवारची वाहनं तुंबली होती, तो ती बघत बसला. कुणी त्याच्या मागे गेलं नाही. थोड्या वेळाने तो आपण होऊन आत आला आणि आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

"तू आलीस तेव्हा मी काय करत होतो?"

"झोपला होतास. डब्याला टेकून. वसंताने तुझ्या हातातला मुरुक्कू काढला नव्हता, मोडला तर रडशील म्हणून."

त्याने मान डोलावली. राग गेला नव्हता, पण आता तो आईसमोर बसून धरता येण्यासारखा झाला होता. हरिणीने ताटं उचलायला सुरुवात केली, मग सासूकडे, सासऱ्याच्या कानांकडे नजर टाकली आणि हातातली ताटं पुन्हा टेबलावर ठेवली. "अम्मा, चल, गॅलरीतली झाडं दाखवते," असं म्हणून ती कनकाला घेऊन गेली. जाताना नवऱ्यालाही खूण केली. या मुलीला सगळं कळलंय आणि ती ते कधीही बोलणार नाही, हे विमलाला तेव्हाच समजलं.

विमला स्वयंपाकघरात गेली. विजयकुमार तिच्यामागून आला आणि सवयीने दारात थांबला.

"आत या," ती म्हणाली. "दारातून बघायची फार सवय झालीय तुम्हाला."

तो आत आला आणि ओट्यापाशी अवघडून उभा राहिला.

"कशाला आला होतात तिथे?"

"अंगात कसर होती म्हणून लवकर सुटलो होतो," विजयकुमार म्हणाला. "वसंता म्हणाली पार्सल आलंय. म्हटलं जड असेल, उचलायला जावं." तो थांबला. मग बोलायला सुरुवात केलीच आहे तर पुरं करावं, अशा चेहऱ्याने पुढे म्हणाला, "पिशवी बघितली आणि कळलं."

"किती लांब होतात?"

"पंधरा पावलं. पुस्तकांच्या गाड्याच्या आड."

"किती वेळ?"

"मी आलो तेव्हापासून तू उठेपर्यंत. दीड तास."

विमलाने नळ सोडला आणि परत बंद केला. पंधरा पावलं, आणि दीड तास. ती उठली तेव्हा हा मागच्या लोकलने आला असणार, मुद्दाम नेहमीच्या वेळेला घरी पोचला असणार, आणि पानावर बसून त्याने ताक मागितलं होतं.

"माझं मला न विचारता जगाला सांगितलंत," ती म्हणाली. "बरं, सांगितलंत. पण असे का उभे राहिलात?"

"हाक मारली असती तर तू आली असतीस," तो म्हणाला. "नवऱ्याने बोलावलं म्हणून आली असतीस. मग जन्मभर मला वाटलं असतं की मी आणली. तुला जायचं असेल तर जाता यावं, असं मला वाटलं." तो बोटाने ओट्याची कड पुसत होता. "तू परत आलीस, तर वाटलं मुलासाठी आलीस. मग कधी विचारायचं धाडस झालं नाही. लिहिताना वाटायचं, तुझ्या तोंडून लिहिलं तर कळेल."

"कळलं का?"

त्याने मान हलवली. नाही.

"कळणार कसं," विमला म्हणाली. "फोन काढा. त्यातली एक ओळ चुकलीय, ती दुरुस्त करा. कुणी हाक मारू नये असं वाटत होतं, म्हणे. कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्याने फोन काढला, चष्मा पुसला आणि ती ओळ शोधून खोडली. मग अंगठा पडद्यावर धरून तिच्याकडे पाहत राहिला.

"लिहा," ती म्हणाली. "गाडी दीड मिनिट उशिरा सुटली. दार माझ्यासमोर होतं. मी चढले नाही, कारण कुणीतरी मागून हाक मारेल असं मला शेवटपर्यंत वाटत होतं."

तो एका बोटाने लिहीत होता. मधेच त्याचं बोट थांबलं. पुढे टाइप करायला त्याला दिसत नव्हतं. त्याने चष्मा कपाळावर सारला.

"विमल," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. हाक मारली."

विमला त्याच्याकडे बघत राहिली. गॅलरीतून कनकाच्या हसण्याचा आवाज येत होता.

"तेवढ्याने भागायचं नाही," ती म्हणाली. "पुढचं लिहा."